विज्ञान अजून तरुण आहे

(लासूर स्टेशन, ता. गंगापूर, जि. छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त युवक-युवतींसमोर केलेलं भाषण)



आज २८ फेब्रुवारी. १९२८ साली याच दिवशी सी. व्ही. रामन यांना प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा तो प्रसिद्ध शोध लागला, म्हणून आपण हा दिवस विज्ञान दिन म्हणून पाळतो. या दिवशी व्यासपीठावरून सहसा विज्ञानाचे पराक्रम सांगितले जातात. रॉकेट, लस, मोबाईल. मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते आहे, तेव्हा ते सगळं मलाही सांगता येईल. पण सभेआधी तुमच्याकडून चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवले होते, त्यातले निम्मे एकाच अंगाचे निघाले. एकाने लिहिलंय, 'विज्ञान दर वर्षी मत बदलतं, मग त्याच्यावर भरवसा का ठेवायचा?' एका मुलीने लिहिलंय, 'जीव कसा निर्माण झाला हे शास्त्रज्ञांना माहीत नाही, मग बाकीचं माहीत आहे हे कशावरून?' आणि एकाने सरळ विचारलंय, 'आपा, जे विज्ञानाला कळत नाही ते धर्मात आधीच सांगितलेलं आहे ना?'

प्रश्न चांगले आहेत, आणि विचारण्याची हिंमत केली याबद्दल तुमचं कौतुक आहे. म्हणून आज मी विज्ञानाला काय कळलं यापेक्षा काय कळलेलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीसोबत माणसाने कसं राहायचं, यावर बोलणार आहे.

आधी विज्ञानाचं वय पाहू. आपल्यासारखा माणूस, म्हणजे होमो सेपियन्स, या पृथ्वीवर साधारण तीन लाख वर्षांपासून आहे. गॅलिलिओने आकाशाकडे दुर्बीण वळवली ती १६०९ साली. मोजमाप करायचं, प्रयोग करायचा, तो दुसऱ्याला करून पाहू द्यायचा आणि खोटा ठरला तर सोडून द्यायचा, ही पद्धत जगभर नियमाने चालू झाली त्याला धरून चाला चारशे वर्षं. आता तीन लाख वर्षं म्हणजे एक दिवस समजा, चोवीस तास. त्या दिवसात ही चारशे वर्षं किती भरतात? दोन मिनिटंसुद्धा पूर्ण नाहीत. आपल्या स्टेशनवर गाडी जेवढा वेळ थांबते, तेवढीच. उरलेला सगळा दिवस माणसाने अंदाज, अनुभव, कथा आणि श्रद्धा यांवर काढला. त्या काळातही हुशार माणसं होती, त्यांनी शेती शोधली, गणित शोधलं, औषधं शोधली. पण तपासण्याची शिस्त सगळ्यांची मिळून एक झाली ती फार उशिरा.

या दोन मिनिटांतही बरंचसं शेवटी शेवटी कळलंय. आपल्या आकाशगंगेबाहेर दुसऱ्या दीर्घिका आहेत हे एडविन हबल यांच्या निरीक्षणांतून पक्कं झालं ते १९२४च्या सुमारास. डीएनएची रचना १९५३ साली कळली. पृथ्वीचं वय साधारण ४५५ कोटी वर्षं आहे हे १९५६ साली पॅटरसन यांनी दाखवलं. खंड सरकतात ही कल्पना वेगेनर यांनी १९१२ साली मांडली, तेव्हा लोक हसले. ती मान्य झाली १९६०च्या दशकात. म्हणजे आपल्या चोवीस तासांच्या घड्याळात शेवटच्या सतरा-अठरा सेकंदांत. तुमच्यापैकी अनेकांचे दादा-नाना शाळेत जात होते, तेव्हा त्यांच्या पुस्तकात हा धडाच नव्हता.

एवढ्या कोवळ्या वयाच्या पोराला आपण विचारतो, 'तुला सगळं का येत नाही?'

आता लांब कुठे न जाता आपल्या पायाखालच्या दगडाकडे येऊ. लासूर परिसरात विहीर खोदलेल्यांना माहीत आहे, वर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. कुठे कुठे मध्येच लाल मातीचा एक थर लागतो. हा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, थिजलेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर बसले. दोन वाहण्यांच्या मध्ये बराच काळ गेला की वरचा दगड कुजून माती व्हायची, तोच तो लाल थर. वेरूळचं कैलास लेणं ज्या दगडात कोरलं आणि दौलताबादचा किल्ला ज्या दगडावर उभा आहे, तो हाच. याच सुमाराला डायनासोर संपले. मेक्सिकोजवळ पडलेल्या अशनीमुळे संपले, ही बाजू आज भक्कम आहे. पण दख्खनच्या या लाव्ह्याने त्यात किती हात लावला, यावर १९८० पासून वाद चालू आहे आणि अजून मिटलेला नाही. म्हणजे तुमच्या शेतातल्या विहिरीच्या भिंतीत जगाच्या एका मोठ्या वादाचा पुरावा आहे.

याच दगडात लोणार आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिलं असेल. साधारण पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल वाटी, तळाशी खारट पाणी. लोकांनी त्याची कथा रचली, लवणासुराची. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तही लोणारचा उल्लेख आहे, तिथल्या क्षारांपासून काच आणि साबण बनतो म्हणून. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली आणि तिथून प्रश्न सुरू झाला, ही वाटी झाली कशी?

सर्वांत सोपं उत्तर होतं ज्वालामुखी. आजूबाजूला सगळा लाव्ह्याचा दगड, म्हणजे हेही ज्वालामुखीचं तोंड असणार. दिसायला अगदी बरोबर. पुढे काहींना शंका आली की हा अशनीचा आघात असावा. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. अशनी तर सापडत नव्हता. मग पुरावा कुठला? पुरावा दगडाच्या आत होता. प्रचंड वेगाचा आघात झाला की त्याच्या दाबाने दगडातल्या काही खनिजांची स्फटिकरचना मोडते आणि ती काचेसारखी होतात. ज्वालामुखी एवढा दाब एका क्षणात देऊ शकत नाही. तळाशी छिद्रं घेऊन, तिथले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या भारतीय-अमेरिकी सहकाऱ्यांनी १९७३ साली हे दाखवून दिलं. लोणार अशनीच्या आघाताने झालं, ही गोष्ट पक्की झाली.

१८२३ ते १९७३. दीडशे वर्षं. या दीडशे वर्षांत 'माहीत नाही' हे उत्तर देणारे प्रामाणिक होते, आणि 'ज्वालामुखीच' म्हणून ठाम बसलेले चुकले.

आणि थांबा, गोष्ट संपलेली नाही. हा आघात कधी झाला? एका पद्धतीने, काचेसारख्या झालेल्या दगडात साठलेली ऊर्जा तापवून मोजली, तर वय आलं सुमारे ५२ हजार वर्षं. २०११ साली दुसऱ्या पद्धतीने, दगडातला अर्गॉन वायू मोजून, वय आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. म्हणजे दहापटींहून जास्त फरक! वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. 'मॅडम, यांना काहीच माहीत नाही.' तेव्हा मी त्यांना फळ्यावर दोन रकाने पाडायला लावते. एका रकान्यात पक्कं झालेलं, दुसऱ्यात बाकी असलेलं. लोणार आघाताने झालं, हे पहिल्या रकान्यात. कधी झालं, हे दुसऱ्या रकान्यात. दुसऱ्या रकान्यातला गोंधळ पाहून कोणी पहिल्या रकान्यातलं पुसून टाकत नाही. वय ठरलेलं नाही म्हणून लवणासुर परत येत नाही.

हे दोन रकाने लक्षात ठेवा. आजच्या भाषणातून एवढंच घरी नेलंत तरी चालेल.

२०२० च्या जूनमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, लोणारचं पाणी एकाएकी गुलाबी झालं. आठवतंय? फोनवर काय काय फिरलं! कयामतची निशाणी इथपासून ते गुप्त प्रयोगापर्यंत. वनविभागाने पाण्याचे नमुने पाठवले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासणी झाली. पाणी आटल्याने क्षार वाढले होते आणि त्यात हॅलोआर्किया नावाचे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव वाढले होते. गुलाबी रंग त्यांचा. उत्तर यायला काही आठवडे लागले. ज्यांनी तेवढा दम धरला, त्यांना खरं कळलं. ज्यांनी पहिल्या दिवशी मेसेज पुढे ढकलला, त्यांच्यापैकी कितींनी नंतर दुरुस्तीचा मेसेज ढकलला असेल?

आता 'सब्र' या आपल्या घरातल्या शब्दाबद्दल बोलते. सब्र म्हणजे हात बांधून बसणं, असा अर्थ आपण फार वेळा लावतो. विज्ञानातला सब्र तसा नाही. एक उदाहरण देते. तेराव्या शतकात दमास्कस आणि कैरोत इब्न अन-नफीस नावाचे हकीम होऊन गेले. त्या वेळी हजार वर्षांपासून सगळे वैद्य मानत होते की हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक छिद्रं आहेत आणि त्यातून रक्त एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जातं. गॅलेनसारख्या थोर माणसाने लिहिलं होतं. इब्न सीनांसारख्या आपल्या थोर माणसानेही ते मानलं होतं. १२४२ च्या सुमारास इब्न सीनांच्याच ग्रंथावर टीका लिहिताना या माणसाने लिहिलं की पडद्याला छिद्रं नाहीत. रक्त फुप्फुसात जातं आणि तिथून परत येतं. आदर सोडला नाही, पण चूक ती चूक म्हटली.

पण मग फुप्फुसात रक्त एका नळीतून दुसऱ्या नळीत जातं कसं? प्रश्न उरला. १६२८ साली इंग्लंडमध्ये विल्यम हार्वे यांनी रक्त सगळ्या शरीरात गोल फिरतं हे गणिताने आणि प्रयोगाने दाखवलं. तरी रोहिणी आणि नीला यांना जोडणारा दुवा त्यांनाही दिसला नाही. तो दुवा आहेच, एवढंच ते म्हणू शकले. हार्वे १६५७ साली वारले. चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीच्या माल्पिघी यांनी बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि केसाहून बारीक रक्तवाहिन्या दिसल्या. चारशेहून अधिक वर्षं हा प्रश्न उघडा होता. कैरो, लंडन, बोलोन्या. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं काम केलं आणि उरलेली जागा मोकळी ठेवली. खोट्या उत्तराने ती बुजवली नाही. याला मी सब्र म्हणते.

अल-बिरूनींचंही तसंच. त्यांनी डोंगराच्या माथ्यावरून क्षितिजाचा कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली, आजच्या आकड्याच्या जवळ जाणारी. ते संस्कृत शिकले, आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं आर्यभटाच्या परंपरेत म्हटलं जातं, हे त्यांना माहीत होतं. त्यांचा स्वतःचा कल पृथ्वी स्थिर असण्याकडे होता. पण त्यांनी दुसरी बाजूही नोंदवली, आणि हा प्रश्न सोडवायला फार अवघड आहे असं लिहून ठेवलं. पृथ्वी फिरते हे डोळ्यांसमोर दाखवणारा फूकोचा लंबक आला १८५१ मध्ये. आठशे वर्षांनी.

चिठ्ठीतल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. बिरूनी नमाजी होते, दीनदार होते. पण पृथ्वीची त्रिज्या काढायला ते डोंगरावर चढले. ग्रंथात आकडा शोधत बसले नाहीत. माणसाने कसं जगावं, कोणाशी कसं वागावं, मरणाकडे कसं पाहावं, याचा आधार तुम्ही दीनमध्ये शोधता, ते तुमचं आणि तुमच्या रबचं नातं आहे. पण आजच्या एखाद्या सिद्धांताला आयतीशी बांधून 'बघा, आमच्याकडे आधीच होतं' असं म्हणताना एक विचार करा. उद्या तो सिद्धांत बदलला तर? विज्ञान तर बदलणारच, तो त्याचा स्वभाव आहे. मग तुम्ही आयतीचा अर्थही बदलणार का? असं करून आपण दीनची शान वाढवत नाही आणि विज्ञानाचं तर काहीच वाढत नाही. शिवाय एक साधी गोष्ट. 'आधीच होतं' हे नेहमी दुसऱ्या कोणीतरी शोधल्यावरच का सापडतं? आपल्या शेजारचे पुराणात विमानं शोधतात तेव्हा आपण हसतो. आरसा सगळ्यांसाठी एकच असावा.

रमजानच्या चंद्राचंच बघा. अमावास्येचा नेमका क्षण आज वर्षानुवर्षं आधी सेकंदापर्यंत सांगता येतो. हे पहिल्या रकान्यातलं. पण त्या संध्याकाळी लासूरच्या छतावरून कोवळी कोर डोळ्याला दिसेल का? ते चंद्राची उंची, हवेतली धूळ, ढग, बघणाऱ्याची नजर यावर अवलंबून. तिथे शक्यताच सांगता येते. कशात खात्री आहे आणि कशात शक्यता, हे ओळखता आलं तर दर वर्षीची अर्धी भांडणं कमी होतील. उरलेली अर्धी इज्तिहादाची आहेत, ती उलेमांवर सोडू.

आता ज्यासाठी मी आज इथे आले, ते सांगते. 'माहीत नाही' या शब्दाचा अर्थ नीट न कळल्याने काय होतं, ते मी माझ्या नात्यात पाहिलं आहे.

माझ्या चुलतभावाची मुलगी नऊ वर्षांची असताना एकाएकी वाळायला लागली. सारखी तहान, रात्री चार चार वेळा उठणं. दवाखान्यात साखर तपासली, टाइप १ मधुमेह निघाला. शरीराची स्वतःचीच संरक्षक फौज स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, तो हा आजार. भावाने डॉक्टरला विचारलं, 'आमच्या घरात कुणालाच नाही, मग हिलाच का?' डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, 'नेमकं हिलाच का, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण इन्सुलिन रोज द्यावं लागेल, आयुष्यभर.'

भावाच्या कानात अर्धंच वाक्य राहिलं. मला फोनवर म्हणाला, 'आपा, डाक्टरकूच नै मालूम तो इलाज कायका?'

त्याच आठवड्यात त्याला एक पुडीवाला भेटला. त्या माणसाला सगळं माहीत होतं. हिलाच का, ते माहीत होतं. कोणाची नजर लागली, ते माहीत होतं. किती दिवसांत मुळापासून बरं होईल, तेही माहीत होतं. अट एकच, सुई बंद करायची. सुई बंद झाली. तिसऱ्या दिवशी पोरगी उलट्या करायला लागली, श्वास जोरजोरात, तोंडाला फळ सडल्यासारखा वास, हाक मारली तर डोळे उघडेना. रात्री गाडी करून शहरात नेली. अतिदक्षता विभागात सलाईनमधून इन्सुलिन चालू केलं, दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. अल्लाहचा करम, डॉक्टर-नर्सची मेहनत, वाचली. आज ती बारावी सायन्सला आहे आणि स्वतःची सुई स्वतः घेते.

इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं जानेवारी १९२२ मध्ये, कॅनडात टोरांटोला, चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला. त्याआधी हा आजार झालेलं मूल बहुधा वर्ष-दोन वर्षांत जायचं. इन्सुलिन सापडून शंभर वर्षं झाली. 'याच मुलाला का' हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. तरी या शंभर वर्षांत लाखो मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांना नातवंडं झाली. कारण कळलं नसलं तरी इलाज कळलेला असू शकतो. ऑपरेशनच्या वेळी भूल देतात ना? ईथरची भूल १८४६ मध्ये जगासमोर दाखवली गेली. भूल देणारी औषधं मेंदूत नेमकं काय करून शुद्ध घालवतात, हे आजही पूर्णपणे उलगडलेलं नाही. म्हणून कोणी बिनभुलेचं ऑपरेशन मागत नाही.

माझ्या भावाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. बाप घाबरलेला होता आणि घाबरलेल्या माणसाला खात्री हवी असते. खात्री विकणारे हे ओळखून असतात. म्हणून माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे, कोणी तुमच्या प्रत्येक 'का'ला तयार उत्तर द्यायला लागला की सावध व्हा. खिशाला हात लावून बघा, पाकीट जागेवर आहे ना.

मराठवाड्याने याचा मोठा धडा घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणेश विसर्जन करून लोक झोपलेले होते. किल्लारीला भूकंप झाला आणि काही सेकंदांत हजारो माणसं गेली. तोवर शास्त्रज्ञांसकट सगळे मानत होते की दख्खनचा हा भाग स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होणार नाही. समज चुकीचा ठरला. मग काय केलं? झाकून ठेवलं का? नाही. देशाचा भूकंपक्षेत्रांचा नकाशा पुन्हा तपासला, आणि २००२ मध्ये त्यातलं 'क्षेत्र १', म्हणजे सर्वांत निर्धोक समजलं जाणारं क्षेत्र, काढूनच टाकलं. कोयनेला १९६७ मध्ये मोठा भूकंप झाला होता आणि धरण भरल्यापासून तिथे छोटे-मोठे धक्के चालूच आहेत. ते नेमके कसे होतात हे बघायला तिथे जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं आहे, कऱ्हाडला त्यासाठी संशोधन केंद्र आहे.

तरीही पुढचा भूकंप कुठे, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे आज जगात कोणीही सांगू शकत नाही. दुसरा रकाना. पण किल्लारीत माणसं कशामुळे मेली हे माहीत आहे. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंतीचे दगड एकमेकांत गुंतवले, कोपरे बांधले, दार-खिडकीच्या वर चारी बाजूंनी सिमेंट-लोखंडाचा पट्टा फिरवला, तर तेच घर माणसांना बाहेर पडायला वेळ देतं. पहिला रकाना. लासूरमध्ये आज घर बांधणाऱ्याने भूकंपाची तारीख विचारत बसावं की गवंड्याला पट्टा टाकायला सांगावं?

एक शेवटचा प्रश्न घेते, जीव कसा निर्माण झाला. याचं उत्तर आज विज्ञानाकडे नाही, काही चांगल्या शक्यता आहेत. असे मोठे प्रश्न ऐकले की वाटतं, हे सगळं परदेशातल्या प्रयोगशाळांचं काम. म्हणून आपल्यातल्याच एकाची गोष्ट सांगते. शहरात दिल्ली गेटजवळचं सलीम अली सरोवर तुम्ही पाहिलंय. ते नाव कोणाचं? मुंबईतला एक अनाथ मुलगा, मामाकडे वाढलेला. १९०८ च्या सुमारास त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा कोणता पक्षी? मामांना सांगता आलं नाही. 'माहीत नाही' म्हणून त्यांनी मुलाला गप्प बसवलं नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे चिठ्ठी देऊन पाठवलं. तो मुलगा पुढे डॉ. सलीम अली झाला.

१९३० मध्ये त्यांच्याकडे नोकरी नव्हती. अलिबागजवळ किहीमला राहत होते. समोर सुगरणीची वसाहत होती. सुगरणीचे खोपे विहिरीवर, बाभळीवर आपण सगळ्यांनी पाहिलेत, आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षं पाहिले. सलीम अली मात्र महिनोन् महिने बसून बघत राहिले आणि लिहीत राहिले. त्यांना दिसलं की खोपा नर विणतो, तोही अर्धाच. मादी येऊन तपासते. पसंत पडला तर नर पुरा करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा सुरू करतो. आपण त्या पक्ष्याला 'सुगरण' म्हणून बाईच्या नावाने ओळखत होतो आणि सगळं विणकाम बाप्याचं! उत्तर झाडावर टांगलेलं होतं. बसून बघायला कोणी तयार नव्हतं.

तसेच प्रश्न आजही टांगलेले आहेत. पैठणच्या जायकवाडीवर दर हिवाळ्यात हजारो मैलांवरून पक्षी येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. त्यांना दिशा कशी कळते? सूर्य, तारे, आणि पृथ्वीचं चुंबकत्व. पण ते चुंबकत्व पक्ष्याला जाणवतं कसं? डोळ्यातल्या एका प्रथिनामुळे असावं, असा एक जोरदार अंदाज आहे, सिद्ध झालेला नाही. हे उत्तर शोधणारी मुलगी आज या मांडवात बसलेली असू शकते. तिच्या अब्बांना एवढीच विनंती, तिने बारावीनंतर पुढे शिकायचं म्हटलं तर लगेच स्थळ बघायला निघू नका.

आता कामाचं बोलू. भाषण ऐकून घरी गेलात आणि विसरलात, तर माझं येणं वाया गेलं. तीन गोष्टी करा. पहिली, कोणतीही बातमी, व्हिडिओ, दावा समोर आला की पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा: हे कोणी मोजलं, कसं मोजलं, आणि काय दिसलं तर हे खोटं ठरेल? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो दावा विज्ञानाचा नाही. दुसरी, घरात 'मला माहीत नाही, आपण शोधू' हे वाक्य मोठ्यांनी लहानांसमोर बोलायला लागा. त्याने इज्जत जात नाही. तिसरी, एक वही करा. आपल्या विहिरीची पाणीपातळी दर महिन्याच्या एक तारखेला दोरी टाकून मोजा आणि लिहा. पहिला पाऊस कधी, किती, तेही लिहा. दहा मुलांनी दहा विहिरींवर पाच वर्षं हे केलं, तर लासूरच्या पाण्याबद्दल जे आज कोणालाही सांगता येत नाही, ते तुम्ही सांगाल.

पहिल्या वर्षी त्या वहीतून काहीच कळणार नाही. दुसऱ्या वर्षीही फारसं नाही. लिहीत राहा.

आता प्रश्न विचारा. ज्याचं उत्तर मला येत नसेल, त्याला मी येत नाही असंच सांगेन.